लोरेनचा परवाना आणि क्रॅबट्रीची तडीपारी

लोरेन बॅराक्लफ दारूविक्रीच्या परवान्याची परीक्षा पास झाली, ही बातमी ती बसमधून उतरायच्या आधीच ‘फ्लाइंग शटल’ पबमध्ये पोचली होती. कॉल्डरशॉ गावच तसं आहे. इथे कोणी शिंकलं की पलीकडच्या टेकडीवरून सर्दीची चौकशी होते. ती पबात शिरली तर डॉमिनो खेळणारे डाव टाकून उभे राहिलेले, म्हातारी आयव्ही आपली काठी टेबलाच्या पायावर आपटत होती, आणि डेरिक साइक्सने, म्हणजे पबच्या मालकाने, तिच्यासाठी एक अख्खा पोर्क पाय, म्हणजे मांस भरलेली पेस्ट्री, बशीत काढून ठेवला होता. डेरिकने कोणाला फुकट खायला घालणं ही परीक्षेपेक्षा मोठी घटना होती.

“कोणी नापास झालं का?” आयव्हीने विचारलं. तिला दुसऱ्यांच्या आनंदात थोडं मीठ लागतं.

“एक हॉटेलवाला. त्याने लिहिलं, गिऱ्हाईक झिंगलेलं असलं तरी अजून एक ग्लास द्यायला हरकत नाही, चालत घरी जाणार असेल तर.”

“मग त्यात चुकलं काय?”

“आयव्ही, झिंगलेल्याला विकणं हा गुन्हा आहे.”

“अगं बाई! मग डेरिकला जन्मठेपच व्हायला हवी होती की.”

सगळा पब हसला आणि डेरिकने पोर्क पायची बशी दोन बोटं मागे ओढली.

लोरेन या काउंटरमागे उभी राहून आता तीस वर्षं होतील. बिअर ओतणं, नळ धुणं, भांडणं सोडवणं, रविवारचं जेवण वाढणं, लग्न मोडलेल्यांचं ऐकून घेणं, सगळं तिने केलं. फक्त दारावरची पाटी डेरिकची होती. आता डेरिकचे गुडघे बोलायला लागले होते आणि त्याची मुलगी त्याला समुद्राकाठी न्यायला बसली होती. जागा होती बिअर कंपनीची. कंपनी म्हणाली, लोरेनच्या स्वतःच्या नावाचा परवाना असेल तर पब तिला चालवायला देऊ. नाहीतर लीड्सचं एक जोडपं तयारच आहे. ते जोडपं एकदा येऊन जागा बघून गेलं होतं. डॉमिनोची टेबलं काढून तिथे उंच स्टुलं लावायची आणि काकडीचे काप घालून जिन विकायची, असा त्यांचा बेत होता. आयव्हीला त्यांनी विचारलं होतं, आजी, तुम्ही इथे रोज येता का? आयव्ही म्हणाली होती, तुम्ही येईपर्यंत येते.

तेव्हा परवाना मिळाला तर शटल लोरेनचं, नाही मिळाला तर काकडीचं. मधलं काही नव्हतं.

पण वाटेत एक काटा होता. तो तंबाखूचा.

गेल्या वर्षी पबातली मंडळी बस करून बेल्जियमला गेली होती. तिकडे तंबाखू निम्म्या भावात मिळते. ज्यांना यायला जमलं नाही त्यांनी लोरेनकडे आधीच पैसे दिले: आयव्हीसाठी हे आण, अमक्यासाठी ते आण. येताना बंदरावर कस्टमवाल्यांनी बस थांबवली आणि लोरेनच्या पिशव्या उघडल्या. एवढी तंबाखू एकट्या बाईची? आता ती जर म्हणाली असती, हो, माझीच, मी धुराड्यासारखी ओढते, तर कदाचित माल जाऊन गोष्ट तिथेच मिटली असती. पण लोरेनला वाटलं, खरं सांगितलं की सुटू. ती म्हणाली, “छे हो, माझी कुठली! मी तर ओढतसुद्धा नाही. सगळ्यांनी पैसे देऊन मागवलीये.” स्वतःपुरती आणली तर चालते, कोणाला भेट दिली तरी चालते, पण दुसऱ्याचे पैसे घेऊन आणली की ती कर चुकवलेली विक्री होते. हे तिला त्या अधिकाऱ्याने समजावून सांगितलं तेव्हा तो जवळजवळ तिची माफीच मागत होता. मग कोर्ट झालं, दंड झाला आणि नावावर गुन्हा लागला. तो अजून कायद्याने विसरण्याइतका जुना झाला नव्हता, म्हणून अर्जात लिहावा लागला. तिने लिहिला, काही न झाकता.

पोलिसांनी हरकत घेतली. घेणारच होते. आता तिचा अर्ज नगरपालिकेच्या तिघा सभासदांच्या समितीपुढे जाणार होता. समितीची नावं डेरिकने काउंटरवर मोठ्याने वाचली आणि तिसऱ्या नावाशी त्याचा आवाज बसला.

“ट्रेव्हर क्रॅबट्री.”

डॉमिनोचा खडखडाट थांबला. आयव्हीने एक शिवी दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

ट्रेव्हर क्रॅबट्री हा गालिच्यांचा दुकानदार आणि नगरपालिकेतला सभासद. गेल्या नोव्हेंबरात शेकोटीच्या सणाला तो कुठल्यातरी मेजवानीहून झुलत झुलत शटलमध्ये आला होता. डेरिक त्या दिवशी गुडघ्यांसाठी दवाखान्यात होता. लोरेनने क्रॅबट्रीला नकार दिला: आज पुरे झाली, ट्रेव्हर, कॉफी देते. त्याने काउंटरवर मूठ आपटली. “मी कोण आहे ठाऊक आहे का तुला? परवाना समितीवर बसतो मी! मनात आणलं तर तुझ्या या खोक्याला कुलूप लावीन!” भरलेल्या पबासमोर म्हणाला. लोरेनने हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाली, “कोण आहेस ते ठाऊक आहे. शटलमधून तडीपार झालेला माणूस आहेस.” खरं तर तडीपार करायचा हक्क फक्त मालकाचा. दुसऱ्या दिवशी डेरिक लंगडत आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, “माझ्या नावाने तडीपार. कायमचा.” तेव्हापासून क्रॅबट्री घरी जाताना समोरच्या फुटपाथने जायचा.

आणि आता हाच लोरेनचा न्याय करणार.

त्या दुपारी पब रिकामा झाल्यावर डेरिक स्टुलावर बसला आणि गुडघा चोळत म्हणाला, “पोरी, ऐक. तडीपारी माझ्या नावाची आहे. मी उठवू शकतो. तू काही करू नकोस, तुझं नाकही खाली व्हायला नको. मी त्याला एक निरोप पाठवतो, ये म्हणून, जुनं विसरू म्हणून. एक पाइंट बिअर पाजतो. तेवढ्यात तुझा परवाना झाला समज.”

लोरेन ग्लास पुसत होती. तिला मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. तीस वर्षं या लाकडावर कोपरं टेकली होती. बाहेरच्या दारावर आपलं नाव कसं दिसेल, हे तिने मनात कितीदा तरी लिहून पाहिलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, आपल्या बहिणीलाही नाही. एक पाइंट म्हणजे काय मोठंसं? नळ ओढायचा, पेला भरायचा, हसायचं.

“मग उद्या दुसरा कोणी येऊन मूठ आपटेल,” ती म्हणाली. “मी फलाणा आहे म्हणेल. त्याला काय सांगू? की थांबा, आधी तुमचं काय वजन आहे ते बघते?”

“अगं, पण एकदाच.”

“डेरिक, तू तडीपारी उठवलीस तर मी अर्ज मागे घेते. देवाशप्पथ घेते. काकडीवाल्यांना बोलव आणि तू जा समुद्रावर.”

डेरिकने तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत तिने असा आवाज त्याच्यावर एकदाच चढवला होता, आणि तेव्हाही तिचंच बरोबर होतं.

“बरं,” तो म्हणाला. “गाढव आहेस.”

“ठाऊक आहे.”

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या दालनात होती. लोरेनने बहिणीचा निळा कोट घातला होता आणि तो काखेत काचत होता. मागच्या बाकांवर अर्धा पब येऊन बसलेला: डेरिक, डॉमिनोवाले आणि पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून आयव्ही. अध्यक्षस्थानी शबनम मिर्झा होत्या. गावातल्याच, वडील गिरणीत रात्रपाळी करायचे. जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही, पण परवान्यांच्या समितीवर त्या बसल्या की दारूवाले निर्धास्त असायचे, कारण त्या सगळं ऐकून घ्यायच्या. त्यांच्या डाव्या हाताला एक बाई सभासद, उजव्या हाताला क्रॅबट्री, नवा टाय लावून.

“सुरुवातीला नेहमीचा प्रश्न,” मिर्झाबाई म्हणाल्या. “या अर्जात कोणाचे काही हितसंबंध असतील तर आत्ताच जाहीर करा.”

क्रॅबट्रीने छताकडे बघत मान हलवली. “काही नाही.”

मागच्या बाकावर काठी एकदा आपटली. डेरिकने आयव्हीच्या मनगटावर हात ठेवला. लोरेन गप्प बसली. पबात झालेली लाज पबाच्या उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हे काउंटरमागे उभं राहणाऱ्याने पाळायचं असतं. कोण रडलं, कोण बायकोला घाबरतो, कोणाला बाहेर काढलं, हे मालक चव्हाट्यावर बोलायला लागला तर कोण कशाला येईल पबात? तिने फक्त टेबलाची कड घट्ट धरली.

पोलिसांचा सार्जंट उठला. त्याने तंबाखूची हकिकत सांगितली, सरळ, तिखटमीठ न लावता. मग लोरेनला विचारलं गेलं.

“खरं आहे,” ती म्हणाली. “मूर्खपणा केला. पैसे आधी घेतले तिथेच चुकलं. माझ्या गिऱ्हाइकांना स्वस्तात मिळावी एवढंच डोक्यात होतं, पण कायदा तो कायदा. तेव्हा माहीत नव्हतं, आता आहे. परत होणार नाही.”

“किती सोयीचं!” क्रॅबट्री पुढे सरकला. “माहीत नव्हतं! आणि उद्या पबात चोरटी दारू आली तर तेही माहीत नव्हतं म्हणायचं? अध्यक्षबाई, मला अर्जदाराच्या स्वभावाबद्दल काळजी वाटते. ही बाई डोक्याने गरम आहे. हिच्या मनात आलं की ही चांगल्या चांगल्या माणसांना तडीपार करते. भर पबात! त्यांची अब्रू घालवते!”

मिर्झाबाईंनी चष्मा काढला. “मी कधी पबात गेलेली नाही, म्हणून विचारते. हे तडीपार म्हणजे नक्की काय?”

लोरेन तोंड उघडणार, तेवढ्यात क्रॅबट्रीच बोलायला लागला. हा विषय त्याच्या छातीत शेकोटीपासून साचून राहिलेला होता. तो आता थांबणार नव्हता.

“अहो, बंदी! पायरी चढायची नाही. गावातले सगळे मित्र आत बसलेले असतात आणि आपण बाहेर! नाताळला आत गाणी चाललेली, आणि आपण समोरच्या फुटपाथवर!”

“किती दिवसांसाठी?”

“कायमची! म्हणजे मालक असेपर्यंत. मालक बदलला की तडीपारी संपते, तसा रिवाजच आहे. नवा परवाना, नवी सुरुवात. जुन्या मालकाबरोबर जुनी भांडणं जातात आणि सगळे परत आत येतात. आता ते लीड्सचं जोडपं आलं असतं तर काही प्रश्नच नव्हता, पहिल्या दिवशी दारातून आत! पण हिच्या हातात परवाना गेला तर मेलो, ही काही आपल्याला परत...”

तो थांबला. फार उशीर झाला होता. 

“आपल्याला,” मिर्झाबाई म्हणाल्या.

क्रॅबट्रीचा चेहरा बीटाच्या लोणच्यासारखा झाला.

“सभासद क्रॅबट्री, तुम्ही या पबातून तडीपार आहात का?”

“ते... तसं म्हटलं तर...”

“हो की नाही?”

“हो.”

“आणि अर्ज नामंजूर झाला तर तुम्हाला परत आत जाता येईल. मंजूर झाला तर नाही.”

समितीच्या कायदा सल्लागाराने पेन खाली ठेवलं. “अध्यक्षबाई,” तो हळूच म्हणाला, “याला हितसंबंधच म्हणतात.”

मागच्या बाकांवर जे हसू फुटलं ते आवरायला मिर्झाबाईंना टेबल ठोकावं लागलं. आयव्ही ओरडली, “पहिल्यांदा खरं बोलला मेला!” तिला बाहेर काढायची धमकी मिळाली, त्याचा तिला फार आनंद झाला. क्रॅबट्री कागद गोळा करून निघाला. त्याच्या जागी राखीव सभासद येऊन बसले. ते निवृत्त शाळामास्तर होते, बाहेर चहा पीत थांबले होते. सगळं पहिल्यापासून परत ऐकायचं ठरलं. सार्जंटने तंबाखू परत सांगितली, लोरेनने मूर्खपणा परत कबूल केला.

मग मिर्झाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही का बोलला नाहीत? तुमच्याच फायद्याचं होतं.”

“पबातली गोष्ट पबात ठेवायची असते, बाई. आमचं कामच ते.”

“आणि त्यांना बाहेर काढलं ते कशासाठी?”

लोरेनला आठवलं सगळं: ती मूठ, ते खोकं, ते कुलूप. जिभेच्या टोकावर आलं. आता बोलली असती तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं असतं आणि क्रॅबट्रीला गालिचेसुद्धा विकता आले नसते.

“त्यांची पुरेशी झाली होती,” ती म्हणाली, “आणि ते अजून मागत होते.”

सार्जंट परत उठला. त्याने आपल्या वहीकडे पाहिलंच नाही. “अध्यक्षबाई, पोलिसांची हरकत होती ती ही बाई कायदा पाळील की नाही, यावर. जी बाई परवाना समितीच्या सभासदाला ‘पुरे झाली’ म्हणते, आणि परवाना अडकलेला असतानाही ते मागे घेत नाही, तिच्याबद्दल मला आता काही म्हणायचं नाही. शनिवारी संध्याकाळी मला गावात अशा अजून चार हव्या आहेत.”

तिघे सभासद आतल्या खोलीत गेले. डॉमिनोवाल्यांपैकी एकाने वेफर्सचं पाकीट उघडलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला गप्प केलं. लोरेनने कोटाचं वरचं बटण काढलं आणि परत लावलं. ते बाहेर आले ते फार लवकर आले आणि तिला वाटलं, संपलं.

“मंजूर,” मिर्झाबाई म्हणाल्या.

लोरेन बॅराक्लफ, जी तीस वर्षांत काउंटरमागे कधी रडली नव्हती, ती तिथे नगरपालिकेच्या दालनात, बहिणीच्या कोटाची बाही डोळ्यांना लावून हमसून हमसून रडली. आणि रडता रडता हसत होती, कारण मागे आयव्ही काठीने बाक बडवत होती आणि डेरिक आपल्या त्या गुडघ्यांवर उड्या मारायचा प्रयत्न करत होता.

पुढच्या महिन्यात पाटी बदलली. रंगाऱ्याने ‘लोरेन’ लिहिलं तेव्हा अख्खी गल्ली बाहेर येऊन उभी होती, आणि ‘बॅराक्लफ’ची जागा पुरेना म्हणून त्याला अक्षरं बारीक करावी लागली. त्यावरही पैजा लागल्या. दुपारी बाराला तिने मालकीण म्हणून पहिल्यांदा दार उघडलं. पब खच्चून भरला. ओव्हनमध्ये मटण होतं, बाजूला पुदिन्याची चटणी, आणि डेरिक आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या पुढच्या बाजूला बसून ‘काय गं, सर्व्हिस आहे की नाही?’ म्हणून ओरडत होता. तिने पहिला पाइंट ओढायला नळावर हात ठेवला, आणि दारात क्रॅबट्री उभा राहिला.

आवाज विझत गेला. त्याने टोपी काढली. उंबऱ्याच्या आत यायचं धाडस झालं नाही, पण मागेही सरेना.

“लोरेन,” तो म्हणाला, “मी भांडायला आलेलो नाही. पण रिवाज तो रिवाज. डेरिकने मला तडीपार केलं होतं. डेरिक आता मालक नाही. नवा परवाना, नवी सुरुवात. हे तुलाही मान्य करावं लागेल.”

सगळ्यांच्या माना लोरेनकडे वळल्या. डेरिकने ओठ चावला. रिवाजाच्या दृष्टीने माणूस बरोबर होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“मान्य आहे,” लोरेन म्हणाली. “डेरिकची तडीपारी डेरिकबरोबर संपली. ये, आत ये, ट्रेव्हर. काउंटरपर्यंत ये.”

तो आत आला. गर्दीने वाट दिली.  तो काउंटरपाशी पोचला, त्याने दोन्ही हात लाकडावर ठेवले आणि त्याचा चेहरा सैल झाला. त्याला खरंच आठवण आली असेल या लाकडाची, लोरेनला ते दिसलं, आणि क्षणभर तिला त्याची दयाही आली.

“त्या दिवशी तू मला एक गोष्ट म्हणालास,” ती म्हणाली. “कुलपाची. ती मी समितीपुढे सांगितली नाही. आता तू इथे, या सगळ्यांसमोर, तिची माफी माग. मग पहिला पाइंट तुझा. माझ्याकडून.”

क्रॅबट्रीने इकडेतिकडे पाहिलं. एवढे डोळे. त्याने एकदा तोंड उघडलं. मग त्याने टाय नीट केला आणि म्हणाला, “मी नगरपालिकेचा सभासद आहे, लोरेन. मी एका दारू ओतणाऱ्या बाईची...”

“झालं,” लोरेन म्हणाली. तिने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. “तेव्हा डेरिकच्या नावाने काढला होता. आता माझ्या नावाने काढते. तडीपार, ट्रेव्हर. दारावर नाव वाच, आणि ते आहे तोवर येऊ नकोस.”

तो गेला. दार आपोआप मिटलं आणि मग असा गलका उठला की वरची पाटीसुद्धा हादरली असेल. आयव्हीने रिकामा ग्लास काउंटरवर आदळला.

लोरेनने नळ धरला.  

“हं,” ती म्हणाली, “कोण आहे पुढे?”